चक्रीचा दम

१

शुक्रवार हा आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस होता.

सकाळी साडेआठला बाबांचा ऑफिसातून फोन आला तेव्हा मला उजव्या पायातला बूट सापडत नव्हता. ग्रंथालय नऊला उघडायचं, किल्ली माझ्याकडे, आणि परीक्षा तोंडावर आलेली पोरं दाराला टेकून उभी असणार.

"अंगठेबहाद्दर, चक्री बघितलीस का?" बाबांनी विचारलं.

दिवसभर पुस्तकांत बसणाऱ्या मुलीला अंगठेबहाद्दर म्हणण्यात त्यांना सोळा वर्षं तीच गंमत वाटत आली. पण नाव उगाच पडलेलं नव्हतं. बाबा आणि त्यांचे भागीदार मोबाइल ॲपसाठी लागणारे तयार भाग बनवत. घर बांधणारा माणूस कड्या-कोयंडे स्वतः घडवत बसत नाही, आणून बसवतो; तसंच ॲप करणारेही बटणं, स्विच, कॅलेंडर हे सगळं तयार घेतात. बाबा ते घडवायचे. दोन खोल्यांच्या त्या ऑफिसला ते कारखाना म्हणायचे.

सातव्या वर्षी माझा उजवा अंगठा दारात चेंगरला आणि जरा वाकडाच जुळला. "सरळ अंगठ्यांचं काय, त्यांना काहीही चालतं," बाबा म्हणायचे. "तुझ्याला चाललं की जगाला चालतं." म्हणून कारखान्यातला कुठलाही नवा भाग आधी माझ्या फोनवर यायचा. मी तो दाबून, ओढून, फिरवून बघायची आणि मगच तो बाहेर जायचा. सोळा वर्षांत एकदाही हा नेम चुकला नव्हता.

या वेळी चक्री होती. आकडे निवडायची उभी चक्री: अंगठ्याने झटका द्यायचा, आकडे धावतात, हळूहळू थांबतात, मधल्या रेघेत येईल तो आकडा आपला. तिची तिसरी आवृत्ती गुरुवारी संध्याकाळी माझ्या फोनवर येऊन पडली होती. चिन्हाशेजारी एक बारीक निळा ठिपका होता.

"बघितली. छान आहे," मी म्हणाले. बूट कपाटाखाली होता.

"नक्की ना? गिऱ्हाईक घाई करतंय. तू म्हणालीस की सोडतो."

"सोडा हो बाबा. मला उशीर होतोय."

"बरं, पळ," ते म्हणाले. ते हसतही होते, कारण मी एका पायावर उड्या मारत असणार हे त्यांना फोनवरूनही दिसत असे.

२

रविवारी सकाळी एका वृद्धाश्रमात नर्सने एका आजोबांच्या औषधाच्या गोळ्यांचा आकडा ॲपमध्ये भरला. तिने चक्रीला झटका दिला आणि चक्री धावत असतानाच 'ठीक' दाबलं. चक्री थांबली तेव्हा समोर दोन दिसत होते. तिला दोनच भरायचे होते, ती पुढच्या खाटेकडे गेली. पण ॲपने धरला तो बटण दाबल्या क्षणी रेघेतून पळत असलेला आकडा, आठ. संध्याकाळच्या नर्सने यादीत आठ वाचले आणि आठ दिले. सोमवारी पहाटे आजोबा गेले.

ॲप दुसऱ्या कंपनीचं होतं. चक्री बाबांची होती.

असं होऊ नये म्हणून बाबांनीच पहिल्या आवृत्तीपासून एक सोय ठेवली होती. चक्री पूर्ण थांबेपर्यंत 'ठीक'चं बटण करडं राहायचं, दाबलं तरी दबायचं नाही. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदाला ते चक्रीचा दम म्हणत. तिसऱ्या आवृत्तीत दम नव्हता. गुरुवारी दुपारी तीन वाजून आठ मिनिटांनी तो काढला गेला होता, आणि नोंदीत नाव बाबांचं होतं.

बातमी सोमवारी दुपारी कळली. मी फोन केला. बाबांचा आवाज सपाट होता. "मी बघतोय," ते म्हणाले. "तू कोणाशी काही बोलू नकोस." मला वाटलं, कंपनीची माणसं विचारायला येतील, त्यांच्याशी.

मंगळवारी ते सकाळी सहालाच कारखान्यात गेले. नऊला तिथल्या प्रोग्रॅमर मुलीने दार उघडलं तेव्हा ते खुर्चीत होते, चष्मा नाकावर, हात मांडीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. समोर चाचण्यांची वही उघडी होती. शेवटच्या पानाच्या तळाशी बाबांच्या वळणदार अक्षरात दोन शब्द होते आणि खाली सही.

चूक माझी.

३

वृद्धाश्रमाने चौकशीसाठी एक बाई नेमल्या होत्या. त्यांनी बुधवारी आम्हाला बोलावलं, सांत्वन केलं आणि सांगितलं की शुक्रवारी अहवाल द्यायचा आहे. नोंदीत नाव आहे, हाताने लिहिलेली कबुली आहे. वेगळं काही लिहिण्याजोगं त्यांच्यापुढे नाही. वही त्यांनी ठेवून घेतली होती. मला त्या पानाची झेरॉक्स दिली.

घरी आल्यावर आई थेट आत गेली. मग स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून म्हणाली, "बेचाळीस वर्षं संसार केला. स्वतः दूध उतू घालवलं तरी हा माणूस गॅसला शिव्या द्यायचा. चूक माझी म्हणे. मला कधी म्हणाले नाहीत ते, आणि वहीला म्हणतील?"

मी पिशवीतून झेरॉक्स काढली.

"तू एवढी पुस्तकं वाचतेस," ती म्हणाली. "आता हे वाच."

मी झेरॉक्स टेबलावर पसरली. प्रत्येक आवृत्तीसाठी बाबा एक पान ठेवत. चाचणी करताना बोट कसं सरकलं ते चाचणीचा प्रोग्रॅम टिपून ठेवतो आणि त्याची रेघ काढून देतो. बाबा ती रेघ छापून वहीत चिकटवत. वर त्यांची स्वतःची, बुधवारची: डोंगरांची रांग काढावी तशी, वर चढणारी आणि लांब उतरत जाणारी. तिच्याखाली गुरुवार, तीन वाजून आठ मिनिटं. ताजी चाचणी केल्याशिवाय बदललेला भाग बांधून बाहेर पाठवताच यायचा नाही, म्हणून ज्याने दम काढला त्याला ही चाचणी करावीच लागली होती. तिसरी जागा माझ्या रेघेची. तिथे झेरॉक्समध्ये एक काळा पट्टा होता, काहीतरी लिहून गच्च खोडलेलं. त्याखाली ते दोन शब्द.

काळ्या पट्ट्याकडे मी फार वेळ पाहिलं नाही. वरच्या दोन रेघांकडे पाहत राहिले. काहीतरी खटकत होतं आणि ते काय ते मला सांगता येत नव्हतं.

बाबांच्या नावाचा पासवर्ड ठाऊक असू शकेल अशी दोनच माणसं होती: ती प्रोग्रॅमर मुलगी आणि बाबांचे भागीदार. दोघांनाही मी लहान-मोठ्या प्रसंगांत जवळून पाहिलं होतं, आणि त्यातल्या एकाने बाबांना मेल्यावर खुनी ठरवलं होतं.

४

प्रोग्रॅमर मुलीला बाबा टाचणी म्हणत. बारीक, ताठ, आणि बोललं की टोचणारी. चक्रीचं ते धावणं आणि हळूहळू थांबणं तिनेच रचलं होतं. मी गेले तेव्हा ती बाबांच्या खुर्चीला पाठ करून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

मी विचारलं, गुरुवारी तीनला कोण कुठे होतं? ती म्हणाली, सगळे इथेच होते. ती तिच्या जागेवर, सर त्यांच्या. तिने काही पाहिलं नाही, कानात गाणी होती. बोलताना ती लॅपटॉपच्या पिशवीचा बंद उगाच गुंडाळत होती.

दम काढायला कोणी सांगितलं होतं का, असं विचारल्यावर मात्र ती तडकली. गिऱ्हाईक तीन आठवडे मागे लागलं होतं, ती म्हणाली. नर्सना घाई असते, चक्री अडून बसते, दुसऱ्या कंपनीची घेतो. सरांनी साफ नाही म्हटलं होतं. "मला म्हणाले, टाचणे, माणसाला थांबता येत नाही म्हणून तर वस्तूला थांबता आलं पाहिजे. आणि तेच सर गुपचूप दम काढतील? ताई, तुम्ही खरंच असं समजता?"

"मी समजत नाही. म्हणून तर आले."

पिशवीच्या मागच्या बाजूला एक गोल स्टिकर चिकटलेला होता, कडा उकललेल्या. मोठ्या इमारतींत पाहुण्याला देतात तसला. त्यावर पेनाने लिहिलेलं वाचायला मला वाकावंसुद्धा लागलं नाही. ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे वाचून डोळ्यांना सवय झालेली असते. गुरुवार. दोन पन्नास.

मी स्टिकरवर बोट ठेवलं.

तिने गुंडाळलेला बंद सोडून दिला. मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. दुसरीकडे नोकरीची मुलाखत होती. सरांना दातांच्या डॉक्टरकडे जाते सांगून गेली होती, पाचला परत आली. "सोमवारी सांगणार होते त्यांना," ती म्हणाली. "सोमवारी ते माझ्याशी बोलले एकच वाक्य. दात बरा आहे का, म्हणून विचारलं."

म्हणजे तीन वाजून आठ मिनिटांनी कारखान्यात दोनच माणसं होती. एक बाबा.

५

बाबांच्या भागीदारांना मी जन्मापासून काका म्हणते. सख्ख्या काकांपेक्षा त्यांच्या खांद्यावर जास्त बसलेली आहे. ते आतल्या खोलीत होते. मला पाहून उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढून रुमालाला पुसला. त्यांच्या तळव्यांना कायम घाम येतो. फोनच्या स्क्रीनला त्यांची बोटं कळतच नाहीत. "याने हात लावला की स्क्रीन लाजते," बाबा म्हणायचे. फोन उचलण्यापुरताच ते वापरत, बाकी सगळं समोरच्या जुन्या कॉम्प्युटरवर.

"बस पोरी," ते म्हणाले. "तुला दाखवायचं होतं. काल शोधून काढले."

बाबांचे जुने फोटो होते. काका माऊसचं चाक बोटाने फिरवत राहिले. टक, टक, टक. प्रत्येक टकेला एक फोटो पुढे सरके. काळे केस असलेले बाबा, कारखान्याची पाटी धरून. बाबा टेबलाखाली वायरी जोडताना, फक्त पाय दिसणारे. मी बारा वर्षांची, त्यांच्या खुर्चीत.

मी गुरुवारचं विचारलं. काका म्हणाले, जेवणानंतर ते पत्रं लिहीत होते. तुझा बाप? तो आपल्या जागेवर, मशीनसमोर.

"तीन वाजता?"

"तीन वाजताच. मला इथून दिसत होता की." त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे. "पोरी, एक सांगू? शोधत बसू नकोस. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. मोठ्या मनाचा माणूस होता, मोठ्या मनाने कबूल केलं. आता उकरून काय मिळणार?"

त्यांनी ते इतक्या मायेने सांगितलं की मी मान हलवली आणि निघाले. दारात थबकले, कारण आतून पुन्हा तो आवाज सुरू झाला होता. टक, टक, टक. सारख्या अंतराने.

६

घरी आल्याबरोबर मी बाबांच्या कपाटातून जुन्या वह्या काढल्या. सोळा वर्षांची पानं. स्विच, बटणं, कॅलेंडर. प्रत्येक पानावर बाबांची रेघ आणि खाली माझी. माझी रेघ मला कोणीही न सांगता ओळखता आली: प्रत्येक झटक्याच्या शेवटी डावीकडे एक बारीक आकडी, वाकड्या अंगठ्याची. शेकडो रेघा, आणि एकही सरळ नाही. माणसाचं बोट सुरू होताना अडखळतं, मध्ये वेग घेतं, शेवटी रेंगाळतं. दोन झटके कधी सारखे येत नाहीत.

मग गुरुवारची रेघ घेतली. फूटपट्टी लावली. तो डोंगर नव्हता, जिना होता. प्रत्येक पायरी सारख्या उंचीची, सारख्या रुंदीची. बोटाने असा जिना काढायला गेलं तर जन्म जाईल.

टाचणीला फोन करून मी एवढंच विचारलं, की चक्री फोनवर न बघता कॉम्प्युटरवर बघितली, माऊसच्या चाकाने फिरवली, तर काय होतं?

ती हळूच म्हणाली, "ती धावत नाही, ताई. एक टक, एक आकडा, आणि तिथल्या तिथे थांबते. दम असला काय, नसला काय, काहीच फरक दिसणार नाही. कोणालाही वाटेल की बरोबर चाललंय." आणि थोड्या वेळाने, "कारखान्यात माऊस एकच आहे."

आई दाराशी उभी राहून ऐकत होती. मी तिला विचारलं, बाबा दुपारी तीनला काय करत असत?

"झोपत असत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज वीस मिनिटं, खुर्चीतच. काकांनाच विचार की. घोरण्यावरून तेच तर चिडवायचे."

काकांनी मला सगळं सांगितलं होतं. झोप तेवढी गाळली होती.

७

गुरुवारी सकाळी मी जिन्याची रेघ काकांपुढे ठेवली आणि माऊसशेजारी फूटपट्टी. मला काही बोलावं लागलं नाही. त्यांनी रेघ पाहिली, रुमाल काढला, पण हात पुसले नाहीत.

त्यांचं म्हणणं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात त्यांनी स्वतःची बाजू फारशी मांडली नाही. गिऱ्हाईक जाणार हे नक्की झालं होतं. बाबा ऐकत नव्हते. चक्रीला हात लावायची मुभा फक्त बाबांच्या नावाला होती आणि तो पासवर्ड वीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून ठरवला होता, तेव्हापासून बदललेला नव्हता. बाबा घोरत असताना त्यांनी दम काढला, चाकाने फिरवून पाहिलं, सगळं ठीक वाटलं. अर्धा सेकंद तर आहे, त्यांना वाटलं. सोमवारी सावकाश सांगू, चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, मग विसरेल. सोमवारी दुपारी बाबा त्यांच्यापुढे ही रेघ घेऊनच उभे राहिले होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, तुझी पायरी ओळखू येते रे गाढवा." काकांनी रेघ उलटी करून ठेवली. "पुढे काही नाही. घरी गेला. आणि मंगळवारी ते लिहिलेलं. माझ्यासाठी, पोरी. मला वाचवायला. आणि मी दोन दिवस ते वाचवणं घेऊन बसलो."

मी त्यांना म्हणाले, उद्या हेच त्या बाईंना सांगा. ते म्हणाले, सांगतो. मग त्यांनी मला विचारलं, अगदी साधेपणाने, कारण त्यांना खरंच कळत नव्हतं:

"पण एक मला समजत नाही. माझ्याकडून सुटलं ते सुटलं. शुक्रवारी ते तुझ्याकडून कसं सुटलं? तुझ्या अंगठ्याने तर पहिल्या झटक्यालाच सापडायला हवं होतं."

मी म्हणाले, मला उशीर होतोय.

८

शुक्रवारी चौकशीच्या ऑफिसबाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या, मांडीवर एक जुना मफलर घडी घालून. आजोबांची मुलगी, असं शिपायाने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे त्यांना माहीत होतं. मी आईचा हात धरून आत गेले.

काकांनी आपलं सगळं सांगितलं, काही न लपवता. चौकशीच्या बाई फोनवर रेकॉर्ड करत होत्या, मधूनमधून लिहीत होत्या. जिन्याची रेघ, झोपेची वेळ, एकुलता एक माऊस, सगळं जागच्या जागी बसलं. आईने डोळे मिटून घेतले होते. तिचा माणूस तिला परत मिळत होता.

"मग त्यांनी 'चूक माझी' का लिहिलं?" बाईंनी विचारलं.

"माझ्यासाठी," काका म्हणाले. "तसाच होता तो."

बाईंनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. तेवढ्यावर ते मिटलं असतं. बाबांचं नाव स्वच्छ झालं होतं, काकांनी ओझं उचललं होतं, आई शांत होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला आठवडाभर जमलं होतं.

मी विचारलं, मूळ वही बघू का?

झेरॉक्समध्ये पट्टा नुसता काळा होता. मूळ पानावर तो निळ्या शाईचा होता, ज्या शाईने खाली ते दोन शब्द लिहिलेले होते त्याच शाईचा, तेवढ्याच जोराने दाबलेला. मी पान खिडकीच्या काचेला लावलं. बाहेर चांगलं ऊन होतं. खोडलेल्या शाईखाली काळ्या शाईची अक्षरं उमटून आली. शुक्रवारची तारीख. आणि पुढे: 'लेक: तोंडी. छान आहे म्हणाली.'

माझी रेघ कधीकधी दोन-दोन दिवस उशिरा पोचायची. तोवर बाबा असं लिहून जागा धरून ठेवत. या वेळी रेघ आलीच नाही. सोमवारी ते पान उघडून बसले तेव्हा काकांची पायरी त्यांना दिसली, आणि माझी रिकामी जागाही दिसली. काकांना त्यांनी तोंडावर गाढव म्हटलं. काकांची रेघ त्यांनी वहीत नीट चारी बाजूंनी चिकटवून ठेवली, कोणालाही सापडेल अशी. ज्याला वाचवायचं त्याचा पुरावा माणूस असा चिकटवून ठेवत नाही. वहीतून त्यांनी एकच माणूस खोडला होता.

तू कोणाशी काही बोलू नकोस.

मी फोन काढून टेबलावर ठेवला. चक्रीच्या चिन्हाशेजारी निळा ठिपका अजून होता. तो ठिपका काय सांगतो ते मी बाईंना सांगितलं. ॲप एकदाही उघडलेलं नसलं की तो राहतो. एकदा बोट लागलं की जातो. आठवडाभर मी त्याला हात लावला नव्हता. आधी वेळ नव्हता म्हणून, आणि नंतर तो गेला असता तर मला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या कोणाला कधीच कळली नसती म्हणून.

आईने डोळे उघडले. काका माझ्याकडे पाहत होते, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्हाला हे नोंदवायचं आहे का?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आधीपेक्षा मऊ होता. "नाही म्हणालात तरी चालेल. ज्यांनी बदल केला त्यांनी कबूल केलंय."

"बाहेर त्यांची मुलगी बसली आहे," मी म्हणाले. "त्यांनाही आत बोलवा."

त्या आल्या. उभ्याच राहिल्या, मफलर हातात. चौकशीच्या बाईंनी रेकॉर्डिंग बंद केलं होतं ते पुन्हा सुरू केलं आणि एक बोट वर करून मला थांबवलं. स्क्रीनवरचा लाल दिवा लागायला क्षणभर लागतो. मी थांबले. अर्धा सेकंद असेल, पाऊण असेल. दिवा लागला.

"शुक्रवारी सकाळी माझ्या बाबांनी मला विचारलं, चक्री बघितलीस का," मी म्हणाले. "त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणाले, बघितली, छान आहे. बाबा, मी ती उघडलीच नव्हती."